‘ह्याच्याबरोबर ते खाऊ नये’: फ्रिजवरच्या अकरा जोड्यांच्या तपासणीच्या नोंदी

३ फेब्रुवारी

मुलगी सात महिन्यांची झाली, वरचं अन्न सुरू झालं आणि घरात रोज एक नवा वाद. सासूबाई म्हणतात दुधात केळं कुस्करू नकोस, नवरा म्हणतो काही होत नाही, आणि मी मधे वाटी-चमचा धरून उभी. शेवटी आज फ्रिजच्या दारावर एक मोठा कागद चिकटवला. म्हटलं, "आई, जे जे एकत्र खाऊ नये असं तुम्हाला वाटतं ते सगळं ह्यावर लिहा. एकेक तपासून बघू."

चष्मा लावून त्यांनी दहा मिनिटांत अकरा जोड्या लिहिल्या: दूध-मासे, दही-मासे, दूध-लिंबू, दूध-केळं, दूध-पालक, दूध-अननस, कलिंगड-पाणी, काकडी-टोमॅटो, कोळंबी-लिंबू, जेवण-फळ आणि चहा-लोहाची गोळी. शेवटची जोडी माझ्याकडे बघत लिहिली. बाळंतपणापासून लोहाची गोळी मी सकाळच्या चहाबरोबरच घेते.

नियम दोनच ठरवले. खाऊन बघायचं ते मी आणि नवऱ्याने, मुलीच्या वाटीत प्रयोग नाहीत. आणि प्रत्येक जोडीपुढे "काय होतं म्हणतात" हे आधी लिहायचं. नुसतं "वाईट असतं" चालणार नाही.

५ फेब्रुवारी

पहिलीच चाचणी वाया घालवली.

दूध-मासे ही सगळ्यात मोठी भीती, म्हणून तिथूनच सुरुवात. दुपारी तळलेले मासे खाल्ले आणि वर शूरपणे दोन मोठे पेले दूध प्यायले, साधारण ४०० मिली. दीड तासात पोटात गुरगुर, फुगारा, मग धावपळ. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं ओव्याचं पाणी आणून ठेवलं. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी डोकं ताळ्यावर आल्यावर चूक दिसली. नुसते मासे खाऊन पाहिले नव्हते आणि नुसतं दूधही पिऊन पाहिलं नव्हतं. मग दोष जोडीचा हे कशावरून? हे कुणी करणार असाल तर आधी एकेक पदार्थ त्याच प्रमाणात वेगळा खाऊन बघा. माझे तीन दिवस गेले.

८ फेब्रुवारी

रिकाम्या पोटी नुसतं दूध, तेवढंच ४०० मिली. दीड तासात तीच गुरगुर. मासे निर्दोष सुटले.

दुधात १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर) असतं, म्हणजे मी एका दमात २० ग्रॅम पोटात ढकललं होतं. ते पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होतं. तरी एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक कप दूध, बऱ्याच जणांना त्रासाशिवाय चालतं. मी रोज चहातलंच दूध घेते, त्यामुळे हे आजवर कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक कप दूध प्यायले, काही झालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मासे आणि एक कप दूध, तरी काही नाही. नवऱ्याला तर दोन्ही प्रमाणांत काही झालं नाही.

११ फेब्रुवारी

पण सासूबाईंची भीती पोटाची नव्हतीच. त्यांनी रकान्यात लिहिलं होतं: "अंगावर पांढरे डाग." कोड ही शरीराची स्वतःच्याच रंगपेशींवर उलटलेली प्रतिकारशक्ती असते. त्याचा मासे-दुधाशी काही संबंध नाही. अनेक किनाऱ्यांवर मासे सरळ दुधात शिजवतात आणि खातात.

एवढं बोलून मी जिंकल्याच्या थाटात पेन उचललं, तर त्या म्हणाल्या, "मग माझ्या भावाच्या अंगावर त्या रात्री गांधी उठल्या त्या कशाने? मी स्वतः बघितल्यात."

हा प्रश्न बरोबर होता. दोन तास ह्यात गेले आणि ते सत्कारणी लागले. बांगडा, ट्यूना, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा पकडल्यावर लगेच गार केला नाही, तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, कधी तोंडात मिरमिरतं. शिजवून किंवा तळून हिस्टामिन जात नाही. मासा दिसायला, वासालाही ठीक वाटू शकतो. आता त्या रात्री मामांनी माशावर दूध प्यायलं असेल तर नाव कुणाचं होणार? दुधाचंच. मासा तर सगळ्यांच्या ताटात होता, दूध एकट्याने प्यायलं होतं. (त्याच माशाचा एखादाच तुकडा जास्त बाधलेला असू शकतो, म्हणून बाकीचे सुटतात.)

मामांना नक्की काय झालं हे आता कुणी सांगू शकणार नाही. कागदावर मात्र "दूध-मासे" शेजारी लिहिलं: "मासा बाजारापासून घरापर्यंत बर्फात आला का?" दही-मासे ही जोडी ह्याच उत्तरात निकाली.

१५ फेब्रुवारी

दूध-लिंबू. "पोटात दूध फाटतं."

आंबटपणा मोजायला कागदी पट्ट्या मागवल्या आणि चुकीच्या मागवल्या: १ ते १४ अशा मोठ्या पल्ल्याच्या (आकडा जितका कमी तितकं आंबट). चार आणि पाच ह्यांतला फरक त्यांवर कळत नाही, दोन्ही शेवाळी-पिवळट दिसतात. मला नेमका तिथलाच फरक बघायचा होता. ३.८ ते ५.५ पल्ल्याच्या पट्ट्या परत मागवल्या, त्या यायला चार दिवस. पहिली डबी पडून आहे.

कपभर दुधात थेंब थेंब लिंबू पिळत गेले. बराच वेळ काही नाही, मग एकदम काचेला बारीक दाणे चिकटायला लागले. पट्टी ४.६ च्या आसपास. दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होण्याचा तोच बिंदू. आणि रिकाम्या पोटातलं आम्ल असतं १.५ ते ३.५. म्हणजे लिंबू नसलं तरी दूध पोटात फाटतंच, फाटल्याशिवाय पचणार कसं? हे समजवायला पट्ट्यांची गरजही पडली नसती. दुपारी मुलीने दूध पिऊन थोडं माझ्या खांद्यावर काढलं. पांढरी, मऊ, आंबूस गुठळी. मी सासूबाईंना खांदा दाखवला. त्या म्हणाल्या, "ते मला तीस वर्षांपूर्वी माहीत होतं, पदर कायम असाच असायचा." पण ओळ त्यांनी स्वतः खोडली.

दूध-केळं त्याच दिवशी खाऊन झालं. काही नाही.

१८ फेब्रुवारी

दूध-अननस. इथे काहीतरी खरंच घडतं, म्हणून जरा सविस्तर.

अननस मिळाला नाही म्हणून किवी घेतलं. एक किवी, २०० मिली गार दूध, मिक्सरमधून काढलं. लगेच चाखलं: छान. दहा मिनिटांनी: जिभेच्या मागच्या बाजूला कडवट. अर्ध्या तासाने: स्पष्ट कडू, वर फेस आणि खाली पाणी. नवऱ्याने पेला पुढ्यातून सरकवला आणि "विष झालं" असं जाहीर केलं.

विष झालेलं नाही. किवीत ॲक्टिनिडिन, अननसात ब्रोमेलेन, पपईत (कच्च्या पपईत जास्त) पपेन असतं. ही प्रथिनं तोडणारी विकरं आहेत. केसिनचे तुकडे पडतात आणि त्यांतले काही तुकडे चवीला कडू लागतात. पोट जे करणार तेच पेल्यात झालं, फक्त जीभ साक्षीला होती.

खातरजमा म्हणून दुसरं किवी पाच मिनिटं उकळून, गार करून दुधात घातलं. दोन तास झाले तरी कडू नाही. उष्णतेने विकर मरतं. डब्यातला अननस दुधात चालतो तो ह्याच कारणाने, आणि ताज्या अननसाने जिलेटिनची जेली बसत नाही तेही ह्याच कारणाने.

कागदावर: "बाधत नाही. लगेच प्या, नाहीतर फळ उकळून घ्या." खर्च: तीन किवी, सहाशे मिली दूध, त्यातलं चारशे कुंडीत. (कुंडीत दूध ओतू नका. तीन दिवस वास येत होता.)

२२ फेब्रुवारी

चहा आणि लोहाची गोळी. सासूबाईंची ही ओळ शंभर टक्के बरोबर निघाली, हे आधीच लिहून टाकते.

बिनदुधाचा चहा दोन पेल्यांत घेतला. एकात गोळी कुटून टाकली तर पेला लालसर गढूळ झाला आणि मी "काही होत नाही" लिहूनसुद्धा टाकलं. लाल रंग गोळीच्या आवरणाचा होता. दुसरी गोळी सुरीने खरवडून पांढुरकी केली, मग कुटून चमचाभर पाण्यात विरघळवली आणि ते पाणी चहात सोडलं. चमचा फिरवायच्या आत चहा काळा-निळा पडला. उजेडाकडे धरला तरी आरपार दिसेना. एकेकाळी लिहायची शाई अशीच करायचे, झाडांच्या गाठींतलं टॅनिन आणि लोहाचा क्षार मिसळून. मी गेले सात महिने सकाळी पोटात शाई बनवत होते. चहातल्या टॅनिनने धरलेलं लोह शरीराला फारसं घेता येत नाही.

त्याच पेल्यात अर्धं लिंबू पिळलं, रंग बराच उतरला. क जीवनसत्त्वाबरोबर लोह जास्त शोषलं जातं ते माहीत होतं, पण डोळ्यांनी काही बघितल्याशिवाय माझी सवय मोडत नाही. आता गोळी लिंबू-पाण्याबरोबर, आणि चहा निदान तासाभराने.

२३ फेब्रुवारी

लहान ओळी उरकल्या.

काकडी-टोमॅटो: काकडीतलं एक विकर क जीवनसत्त्व थोडं खातं. बाधा काही नाही. कोळंबी-लिंबू: मोबाईलवर फिरणारा निरोप सांगतो की आर्सेनिक तयार होतं. कोळंबीतलं आर्सेनिक बहुतांश अशा सेंद्रिय रूपात असतं की ते न बाधता लघवीवाटे निघून जातं, आणि लिंबू पिळून त्याचं विष होत नाही. जेवणावर फळ "पोटात कुजतं": एवढ्या आम्लात कुजणं अवघडच.

दूध-पालक मात्र उलटं निघालं. पालकातलं ऑक्झलेट आणि दुधातलं कॅल्शियम आतड्यातच एकमेकांना धरतात, म्हणजे ऑक्झलेट रक्तात कमी जातं. ऑक्झलेटचे मूतखडे होणाऱ्यांना पालकासारख्या भाज्या कॅल्शियमच्या पदार्थांबरोबरच खायला सांगतात. फक्त पालकातून कॅल्शियम मिळेल ह्या भरवशावर राहू नये.

२६ फेब्रुवारी

कलिंगड-पाणी. "कॉलरा होतो." कलिंगड ९२ टक्के पाणीच आहे. त्यावर पेलाभर पाणी प्यायल्याने कॉलरा कसा होईल? पाणी दूषित असेल तर होईल, मग ते कलिंगडावर प्या नाहीतर भातावर.

पण दुसरी गोष्ट सापडली. कलिंगड जमिनीवर वाढतं, सालीला माती लागलेली असते आणि सुरी ती साल कापत आत जाते. गर फारसा आंबट नसतो, गोड आणि ओला, जिवाणूंना हवा तसा. म्हणून फळ कापण्याआधी धुवायचं आणि कापल्यावर ५ अंशांच्या खाली ठेवायचं. मी आजवर एकदाही कलिंगड धुऊन कापलेलं नाही.

"आपण फ्रिजमध्ये ठेवतो की," नवरा म्हणाला. मग फ्रिज मोजला. आधी दार उघडं ठेवून थर्मामीटर आत धरला, तो बाहेरचीच हवा दाखवत राहिला. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर सोडला तेव्हा खरं कळलं: वरच्या कप्प्यात ९, दारात १२. मुलीचं उरलेलं खाणं आम्ही दारातच ठेवत होतो, पटकन सापडावं म्हणून! दाराच्या रबराला खालच्या कोपऱ्यात चीर होती आणि बटण हिवाळ्याच्या खुणेवर राहिलेलं. रबर कोमट पाण्याने पुसून ड्रायरने गरम करून ताणलं, बटण फिरवलं. चोवीस तासांनी वर ४, दारात ७. दारात आता फक्त सॉस आणि लोणची.

अकरा जोड्यांपेक्षा ह्या एका दुरुस्तीने घराचं जास्त भलं झालं असावं.

२ मार्च

आजची नोंद लिहायला लाज वाटते.

यादीत नसलेली जोडी ओट्यावर होती: लसूण आणि तेल. सोललेल्या कच्च्या लसणाची बरणी, वर तेल, मी स्वतः केलेली, दहा-बारा दिवस बाहेर ठेवलेली. फार देखणी दिसत होती.

लसणावर मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम ह्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हवेत ते गप्प असतात. वाढून विष करायला त्यांना हवं असतं हवाबंद, कमी आंबट (४.६ च्या वर), कोमट ठिकाण. तेलाने हवा तोडली, लसूण आंबट नाही, ओटा कोमट. लसूण एकटा बरा, तेल एकटं बरं. दोघांना एकत्र करून बाहेर ठेवलं की पंचाईत. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये अशाच तेलातल्या चिरलेल्या लसणाने ३६ जणांना बोटुलिझम (ह्याच विषाने स्नायू लुळे पडणं) झाला आणि सुरुवातीला निदानच चुकत राहिलं. ह्या विषाला वास नाही, चव नाही. आणि मी काय केलं? बरणी उघडून वास घेतला, "छान आहे की" म्हटलं. आदल्या रात्री ह्याच तेलात पाव बुडवून खाल्ला होता तो वेगळाच.

बरणी न धुता, झाकण घट्ट लावून, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. ओटा ब्लीचच्या पाण्याने पुसला.

४ मार्च

लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण दहा दिवसही लागू शकतात. दोन दिवस मी आरशासमोर पापण्या ताणून बघते आहे. पापण्या जड होणं आणि एकाचे दोन दिसणं ही सुरुवातीची खूण. काल रात्री मुलगी चार वेळा उठली, सकाळी पापण्या जडच होत्या, आणि माझं काय झालं असेल ते लिहीत नाही. सासूबाईंनी दोन बोटं समोर धरून "किती?" विचारलं. दोनच दिसली.

आता लसणाचं तेल केलं तर तेवढ्यापुरतं. उरलं तर फ्रिजमध्ये, चार दिवसांत संपवायचं, बरणीवर तारीख.

हाच जिवाणू मधातही असू शकतो. मोठ्यांच्या आतड्यात त्याला थारा मिळत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मिळू शकतो. म्हणून कागदावर बारावी ओळ, लाल पेनाने: "मध आणि बाळ. वाढदिवसापर्यंत चाटवायचाही नाही."

९ मार्च

लोहाच्या गोळीवरून आठवलं, सासूबाईंची थायरॉईडची गोळी. सकाळी उठल्या उठल्या घेतात, अगदी वेळेवर, दुधाच्या कॉफीबरोबर. कॉफी, कॅल्शियम, लोह आणि सोया, सगळ्यांनी ह्या गोळीचं शोषण कमी होतं. ती साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी.

"तीन वेळा डोस वाढवला त्यांनी," त्या म्हणाल्या. कॉफीचं कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. आपल्या मनाने डोस बदलायचा नाही हे ठरलं. आता कॉफी नंतर, सहा-आठ आठवड्यांनी रक्ताची तपासणी, आणि डॉक्टरांना हे सगळं आधीच सांगायचं.

मग सगळ्यांच्या गोळ्या टेबलावर मांडल्या. नवऱ्याची कोलेस्टेरॉलची गोळी ग्रेपफ्रूटबरोबर (संत्र्यासारखं मोठं, आंबट-कडू फळ) न चालणाऱ्यांतली निघाली. हा शोध अपघाताने लागला: १९८९ साली डेव्हिड बेली ह्या संशोधकाने एका रक्तदाबाच्या औषधावर दारूचा परिणाम तपासताना दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढलेली सापडली. हा रस आतड्याच्या अस्तरातलं औषध मोडणारं विकर बंद पाडतो आणि परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, त्यामुळे "गोळी रात्री, रस सकाळी" ही पळवाट चालत नाही. आमच्याकडे ग्रेपफ्रूट येत नाही, तरी लिहून ठेवलं.

१४ मार्च

शेवटचा प्रश्न मुलीच्या वाटीचा, ज्यासाठी हे सगळं सुरू झालं. दुधात कुस्करलेलं केळं बाधत नाही. पण नवा पदार्थ दिला की तीन ते पाच दिवस दुसरं नवं काही देत नाही. दोन नवे पदार्थ एकत्र दिले आणि पुरळ उठलं, तर कशाचं ते कळणार नाही. म्हणजे ५ फेब्रुवारीची माझीच चूक बाळावर करायची नाही.

एकूण हिशेब: साडेपाच आठवडे, अडीच लिटर दूध, पट्ट्यांच्या दोन डब्या (एक फुकट), एक थर्मामीटर, एक बरणी लसूण-तेल. परत केलं तर थर्मामीटरपासून सुरुवात करेन.

नवा कागद स्वच्छ अक्षरात लिहायला बसले. जुन्या अकरांपैकी चहा-लोह राहिली, अननस-किवी "लगेच प्या" म्हणून राहिली. नव्या आल्या त्या लसूण-तेल, मध-बाळ, थायरॉईड-कॉफी, ग्रेपफ्रूट-गोळी. दूध-मासे मी वगळली, तर सासूबाईंनी कागद स्वतःकडे ओढला.

"ती राहू दे."

"आई, तपासली ना आपण?"

"तपासली. तू खा खुशाल. मी पेन्सिलीने लिहिते." आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, त्यांनी ती लिहिली.